वही की कळफलक? – महाविद्यालयीन टिपणांचा प्रश्न



महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात नुकताच प्रवेश घेतलेली एखादी विद्यार्थिनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. ती जिल्ह्याच्या गावाहून शहरात आलेली आहे. बारावीपर्यंत फळ्यावर जे लिहिले जाई ते जसेच्या तसे वहीत उतरवून घेणे, एवढाच तिचा टिपणांशी परिचय. आता मात्र प्राध्यापक पन्नास मिनिटे सलग बोलतात, फळ्यावर चार शब्द लिहितात, एखादी आकृती काढतात आणि तास संपतो. शेजारच्या बाकावरील मुलगा लॅपटॉपच्या कळफलकावर झरझर बोटे चालवीत असतो. पुढच्या ओळीतील मुलगी मोबाइलने फळ्याचे छायाचित्र घेते. सुटीत ही विद्यार्थिनी घरी जाते तेव्हा वडील विचारतात, ‘तुलाही तसले यंत्र घ्यावे लागेल काय?’ त्या यंत्राची किंमत म्हणजे त्या घरातील कित्येक महिन्यांची बचत.

वडिलांचा हा प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर साधे नाही. टिपणे वहीत लिहावीत की यंत्रावर, या प्रश्नाकडे पुष्कळदा आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. जुन्या पिढीतील माणसे वहीची बाजू घेतात, नवी पिढी यंत्राची. वस्तुतः ही दोन पिढ्यांमधील तक्रार नव्हे. ऐकलेले ज्ञान स्वतःचे कसे होते, हा त्यामागील खरा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार त्याच पातळीवर झाला पाहिजे.

प्रथम टिपणांचे प्रयोजन काय, ते पाहू. १९७२ साली डी वेस्टा आणि ग्रे या दोन अमेरिकी संशोधकांनी टिपणांच्या दोन कार्यांमधील भेद स्पष्ट केला. पहिले कार्य साठवणीचे. जे ऐकले ते कागदावर राहिले म्हणजे पुढे परीक्षेच्या वेळी ते पुन्हा पाहता येते. दुसरे कार्य याहून सूक्ष्म आहे. लिहिताना मन ऐकलेल्या गोष्टीवर संस्कार करते: निवडते, गाळते, जोडते, स्वतःच्या शब्दांत मांडते. या दुसऱ्या कार्याचे फळ वही हरवली तरी हरवत नाही. पहिल्या कार्यात टिपण ही कोठी आहे. दुसऱ्यात ते जाते आहे. धान्य कोठीत भरून ठेवणे आणि ते दळून पीठ करणे ही दोन्ही कामे घरात लागतात. परंतु एक केले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही.

आता एक साधा हिशेब करावा. व्याख्याता मिनिटाला साधारणपणे शंभर ते दीडशे शब्द बोलतो. हाताने लिहिणारा विद्यार्थी मिनिटाला फार तर वीस-पंचवीस शब्द लिहितो. म्हणजे हाताने लिहिणाऱ्याला ऐकलेल्यातील बहुतांश भाग सोडून द्यावाच लागतो. काय सोडावे हे ठरविण्यासाठी त्याला प्रत्येक क्षणी विचार करावा लागतो. हाताची ही असमर्थता बुद्धीला कामाला लावते. सरावलेली बोटे कळफलकावर हातापेक्षा बरीच अधिक वेगाने चालतात. त्यामुळे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेण्याचा मोह उत्पन्न होतो. त्या मोहात सापडलेल्या विद्यार्थ्याच्या कानातून शब्द आत शिरतात आणि बोटांवाटे बाहेर पडतात. मध्ये मन नावाचे स्थानक लागतच नाही.

लेखनाचा वेग ही चिंता अर्थात् नवी नाही. मराठी मुलखात दप्तराच्या कामासाठी मोडी लिपी शतकानुशतके चालली, ती याच कारणाने. प्रथम संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढून घ्यावी आणि मग तिच्याखाली लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे जोडीत जावे, अशी तिची पद्धत. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली आपली लघुलिपी प्रसिद्ध केली. परंतु कारकून आणि लघुलेखक यांचे काम दुसऱ्याचे शब्द अचूक राखणे हे होते. विद्यार्थ्याचे काम ते नव्हे. लघुलेखकाला न्यायालयातील प्रत्येक शब्द टिपला म्हणून शाबासकी मिळते. विद्यार्थ्याने तसे केले तर त्याने अभ्यासाचे काम उद्यावर ढकलले, एवढाच त्याचा अर्थ.

या तर्काला प्रयोगाचा आधार मिळतो काय, हे पाहण्याचा प्रसिद्ध प्रयत्न २०१४ साली झाला. पॅम म्यूलर आणि डॅनिअल ओपनहायमर या दोघांनी विद्यार्थ्यांना ध्वनिचित्रफितीवरील छोटी व्याख्याने दाखविली. काहींना वही दिली, काहींना लॅपटॉप. प्रिन्स्टन विद्यापीठातील पहिल्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांच्या टिपणांत सरासरी ३१० शब्द निघाले; वहीवाल्यांच्या टिपणांत सुमारे १७३. लॅपटॉपवरील टिपणांत व्याख्यात्याचे शब्द जसेच्या तसे येण्याचे प्रमाणही अधिक होते. नंतर प्रश्न विचारले तेव्हा नुसत्या माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट सारखेच ठरले. परंतु संकल्पना समजली आहे काय, हे पाहणाऱ्या प्रश्नांत वहीवाले सरस ठरले. पुढील प्रयोगात लॅपटॉपवाल्यांना ‘शब्दशः उतरवू नका’ अशी स्पष्ट सूचना देण्यात आली. तरीही त्यांची सवय सुटली नाही. तिसऱ्या प्रयोगात परीक्षा एका आठवड्याने घेतली आणि काहींना टिपणे वाचण्याची संधी दिली. ज्यांनी हाताने लिहिले होते आणि ज्यांना ते पुन्हा वाचावयास मिळाले, त्यांनी सर्वांत चांगली उत्तरे दिली.

या निबंधाचा जगभर बोलबाला झाला. लेखणी ही कळफलकापेक्षा बलवान, असे वृत्तपत्रांनी जाहीर करून टाकले. परंतु शास्त्राची रीत अशी की, एका प्रयोगावर निकाल लावावयाचा नसतो. तोच प्रयोग दुसऱ्यांनी पुन्हा करून पाहावयाचा असतो. २०१९ साली केंट स्टेट विद्यापीठातील मोरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांनी त्याची पुनरावृत्ती केली. त्यांनी वही आणि लॅपटॉप यांच्या जोडीला अंकीय लेखणीने लिहावयाची पाटीही घेतली आणि एका प्रयोगात टिपणे न घेणाऱ्यांचाही गट ठेवला. या गटांच्या गुणांत सातत्याने दिसणारा असा भेद आढळला नाही. टिपणे न घेणारेसुद्धा विशेष मागे पडले नाहीत. २०२१ साली टफ्ट्स विद्यापीठातील हेदर उरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला प्रयोग जवळजवळ जसाच्या तसा करून पाहिला. लॅपटॉपवाले अधिक शब्द लिहितात आणि अधिक शब्दशः लिहितात, हे पुन्हा सिद्ध झाले. परंतु त्यामुळे त्यांचे गुण कमी होतात, हे सिद्ध झाले नाही.

मग मूळ निष्कर्ष खोटा होता काय? तसे म्हणणेही घाईचे होईल. या प्रयोगांतील व्याख्याने जेमतेम पाव तासाची. व्याख्यान आणि परीक्षा यांत कधी अर्ध्या तासाचे अंतर, कधी काही दिवसांचे. महाविद्यालयात मात्र एक विषय चार-सहा महिने चालतो, शेकडो पानांची टिपणे साठतात आणि परीक्षा अखेरीस होते. पाव तासाच्या व्याख्यानात साधने सारखी ठरली, म्हणून सबंध सत्रातही ती सारखीच ठरतील, असे नाही. आणि उलट दावाही तितकाच सावधपणे केला पाहिजे. इतके मात्र निश्चितपणे म्हणता येते की, लेखणीत कोणतीही जादू नाही. लाभ असेल तर तो निवडण्यात आणि स्वतःच्या शब्दांत मांडण्यात आहे. हात त्या कामाला भाग पाडतो. कळफलक भाग पाडीत नाही, पण मनाईही करीत नाही.

यापेक्षा अधिक ठोस पुरावा एका वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे, आणि ती म्हणजे लक्ष. वही ही फक्त वही असते. लॅपटॉप मात्र वही आहे, पत्रपेटी आहे, बाजार आहे आणि चित्रपटगृहही आहे. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे वर्ग दैवगत्या निवडून तीन प्रकारांत विभागले गेले: काही वर्गांत संगणकांना मुक्त परवानगी, काहींत केवळ बाकावर सपाट ठेवलेल्या टॅब्लेटला परवानगी आणि काहींत पूर्ण बंदी. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, जेथे परवानगी होती तेथील अंतिम परीक्षेचे सरासरी गुण प्रमाण विचलनाच्या ०.१८ पट कमी होते. आणि सपाट ठेवलेल्या टॅब्लेटच्या वर्गांतही ही घट दिसून आली. लष्करी शिस्तीत वाढणाऱ्या, गुणांवर ज्यांची पुढील नेमणूक अवलंबून असते अशा विद्यार्थ्यांची ही गोष्ट आहे. मोकळ्या महाविद्यालयांनी यावरून योग्य तो बोध घ्यावा.

कॅनडातील साना, वेस्टन आणि सेपेडा यांच्या २०१३ सालच्या प्रयोगातून आणखी एक विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आली. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचे गुण सुमारे ११ टक्क्यांनी घटले. पण ज्यांच्या हातात वही होती आणि ज्यांना समोरच्याचा पडदा केवळ दिसत होता, त्यांचे गुण सुमारे १७ टक्क्यांनी घटले. यंत्राची निवड एकाने करावी आणि तिची किंमत मागच्या बाकावरील दुसऱ्याने मोजावी, असा हा प्रकार आहे. म्हणून वर्गातील लॅपटॉप ही सर्वस्वी खासगी बाब मानता येत नाही.

आता आपल्या देशाच्या परिस्थितीकडे वळू. परदेशातील प्रयोग मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या आणि इंग्रजीतच टंकलेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. भारतीय वर्गाची घडण निराळी. येथे प्राध्यापक संज्ञा इंग्रजीत सांगतात, स्पष्टीकरण मातृभाषेत करतात आणि विनोद कदाचित तिसऱ्याच भाषेत. २०२१ पासून काही अभियांत्रिकी महाविद्यालयांत हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या भाषांतून पदवीचे शिक्षण सुरू झाल्यावर तर हे मिश्रण अधिकच सहज झाले आहे. वहीत विद्यार्थी एका ओळीत दोन लिप्या सुखाने नांदवितो. कळफलकावर त्यासाठी पुनःपुन्हा कळफलकाची भाषा बदलावी लागते, आणि तेवढ्यात वाक्य निसटते.

शिवाय भारतीय लिप्यांच्या टंकलेखनाचा सराव फार थोड्यांना असतो. भारतीय भाषांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक सिद्ध झाला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोच्या मानकात त्याला स्थान मिळाले. त्याची रचना शास्त्रशुद्ध आहे. एका भारतीय लिपीतील सराव दुसऱ्या लिपीतही उपयोगी पडतो. तथापि शाळांतून तो क्वचितच शिकविला जातो. ‘तत्त्व’ हा दोन अक्षरांचा शब्द घ्या. या कळफलकावर त्यासाठी सहा वेळा कळ दाबावी लागते. ज्याची बोटे सरावलेली नाहीत, त्याचा मातृभाषेतील टंकलेखनाचा वेग हातापेक्षाही मंद पडतो. परिणामी तो रोमन लिपीत मराठी किंवा हिंदी लिहू लागतो आणि महिन्याभराने आपलेच टिपण वाचताना अडखळतो. म्हणजे ज्या वेगाच्या लोभाने यंत्र घेतले, तो वेगही हाती लागत नाही.

विषयाचाही विचार केला पाहिजे. गणितातील समीकरण, रसायनातील संरचनासूत्र, भूगोलातील नकाशा, शरीरशास्त्रातील आकृती या गोष्टी कळफलकाला मानवत नाहीत. इतिहास, कायदा, राज्यशास्त्र अशा शब्दप्रधान विषयांत कळफलकाची अडचण कमी. अंकीय लेखणीने लिहावयाच्या टॅब्लेटमध्ये हाताचे लेखन आणि यंत्राची साठवण यांचा मेळ बसतो, हे खरे. पण त्याची किंमत सर्वांना परवडत नाही, आणि लक्ष विचलित होण्याचा धोका तेथेही राहतोच.

परीक्षेचे काय? आपल्या बहुतेक विद्यापीठांच्या पदवी परीक्षा अजून हातानेच लिहाव्या लागतात. दोन-तीन तास अखंड, सुवाच्य आणि वेळेत लिहिणे हा शरीराचाही अभ्यास आहे. महासाथीमुळे २०२० आणि २०२१ या वर्षांत वर्ग पडद्यावर भरले आणि पुष्कळांचा लिहिण्याचा सराव तुटला. ज्या हाताने वर्षभर लेखणी धरली नाही, त्याच्याकडून परीक्षेच्या दिवशी वीस-पंचवीस पानांची अपेक्षा करणे म्हणजे न पोहलेल्याला थेट पुरात उतरविणे होय.

तथापि या सर्व युक्तिवादाला एक मोठा अपवाद आहे आणि तो विसरता कामा नये. ज्यांना दिसत नाही, ज्यांच्या हाताला लेखणी पेलत नाही किंवा ज्यांना लेखनविषयक अध्ययन-अक्षमता आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी यंत्र ही चैन नाही; ते वर्गात शिरण्याचे दार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने एकवीस प्रकारच्या अक्षमतांना मान्यता दिली आहे आणि अशा विद्यार्थ्यांना आवश्यक त्या सोयी देणे शिक्षणसंस्थांवर बंधनकारक केले आहे. म्हणून वर्गात लॅपटॉपला सरसकट बंदी घालणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास ज्याला त्याची खरी गरज आहे तो एकटा उघडा पडतो. चाळीस मुलांच्या वर्गात एकाच बाकावर यंत्र दिसले की त्याचे कारण सर्वांना कळते. नियम करावयाचा तर तो अशा विद्यार्थ्याचा मान राखणारा असावा. यंत्र वापरणाऱ्या सर्वांनीच एका बाजूच्या मागच्या ओळींत बसावे, एवढ्या व्यवस्थेनेही इतरांचे लक्ष शाबूत राहते आणि कोणाकडे बोट दाखविले जात नाही.

येथवर आल्यावर एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्याकडे कित्येक वर्गांत व्याख्यान होतच नाही. टिपणे सांगितली जातात. प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या कागदावरून वाचतात आणि विद्यार्थी उतरवून घेतात. अशा वर्गात हाताने लिहिणाराही लघुलेखकच होतो. लेखणीचा सारा लाभ तेथे वाया जातो. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके या सवयीवरच पोसली गेली. आता त्यांच्या जोडीला नवी यंत्रे आली आहेत. ती व्याख्यान ऐकतात, त्याचे लिखित रूप करतात आणि सारांशही लिहून देतात. ज्याला ऐकू येत नाही त्याला हे वरदानच आहे. परंतु ज्याला ऐकू येते आणि तरीही जो ऐकत नाही, त्याच्या बाबतीत सारांश करण्याचे काम यंत्राने केले म्हणजे समजण्याचा व्यायामही यंत्रानेच केला, असे होते. दुसऱ्याने चावलेला घास पोटात जातो. पण त्याने दात मजबूत होत नाहीत.

मग व्यवहारात काय करावे? काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. वर्गात शक्यतो वही वापरावी. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी सुचविलेली पानाची मांडणी अजूनही उपयुक्त आहे. पानाच्या डाव्या बाजूला सुमारे अडीच इंचांचा उभा पट्टा सोडावा, उजवीकडे टिपणे घ्यावीत आणि तळाशी दोन इंच जागा मोकळी ठेवावी. तास झाल्यावर, शक्य तर त्याच संध्याकाळी, डाव्या पट्ट्यात त्या टिपणांवरील प्रश्न लिहावेत आणि तळाशी तीन-चार वाक्यांत सार. यात विलंब होता कामा नये. शिकलेल्यातील मोठा भाग पहिल्या दिवसातच गळून जातो, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीच दाखवून दिले आहे.

पुढे उजवी बाजू झाकून डावीकडील प्रश्नांची उत्तरे आठवून पाहावीत. अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली घेतला. त्यात स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागून करणे या दोन पद्धती सर्वांत फलदायी ठरल्या. पुनःपुन्हा वाचणे आणि रंगीत रेघा मारणे यांचा लाभ अल्प आढळला. म्हणजे टिपणे कशावर घेतली, यापेक्षा त्यांचे पुढे काय केले, हे अधिक निर्णायक आहे. वह्यांचा ढीग आणि संगणकातील न उघडलेल्या फायली यांत काडीचाही फरक नाही.

यंत्राला त्याचे योग्य स्थान द्यावे. आठवड्याच्या शेवटी टिपणांचे एकत्रीकरण, संदर्भांची सूची, प्रकल्पाचे लेखन आणि मित्रांशी देवाणघेवाण यांसाठी संगणकासारखे साधन नाही. वहीच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवल्यास वही हरवण्याची भीतीही उरत नाही. आणि ज्याला वर्गात यंत्र वापरावेच लागते, त्याने महाजालाची जोडणी बंद ठेवावी, मुद्दाम अपुरी वाक्ये लिहावीत आणि आकृत्यांसाठी शेजारी एक कोरा कागद ठेवावा. हाताची मर्यादा जे आपोआप करवून घेते, ते त्याने निश्चयाने करावे.

अखेरीस त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना काय उत्तर द्यावे? उत्तर असे की, पहिल्या वर्षाच्या टिपणांसाठी कर्ज काढून यंत्र घेण्याची आवश्यकता नाही. शंभर पानांची वही, बरी लेखणी आणि रोज संध्याकाळची अर्धा तास उजळणी एवढ्या भांडवलावर ती मुलगी वर्गातील कोणाच्याही बरोबरीने उभी राहू शकते. पुढे प्रकल्पासाठी किंवा नोकरीच्या तयारीसाठी संगणक लागेल, तेव्हा तो अवश्य घ्यावा आणि त्यावर मातृभाषेचे टंकलेखनही नीट शिकून घ्यावे. तोवर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणक पुरेसा आहे. आणि जेथे तो नाही, तेथे तो मागण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना आहे.

मित्रहो, शेजारच्या बाकावरील मुलाची बोटे आपल्यापेक्षा वेगाने चालतात म्हणून कोणी मनात खंतावू नये. तास संपल्यावर वही मिटावी आणि आज काय समजले, ते आपल्याच शब्दांत एखाद्या सोबत्याला सांगून पाहावे. सांगता आले तर टिपण सार्थकी लागले. सांगता आले नाही, तर पान पुन्हा उघडावे.